संगीत मंडळाचं कपाट उघडताना: कॅसेटी, रिळं आणि वह्या कशा जपायच्या

ताई, तुमचा प्रश्न असा आहे: तापीकाठच्या तुमच्या गावातलं जुनं संगीत मंडळ आता नावापुरतं उरलंय. मंडळाची खोली रिकामी करावी लागली आणि दोन लोखंडी कपाटं तुमच्या वडिलांच्या घरी येऊन पडली. त्यांत तीनेकशे कॅसेटी, स्पूल टेपची दहा-बारा रिळं, थोड्या तबकड्या, स्वरलिपीच्या चोपड्या, वही गायनाच्या वह्या (हातानं लिहिलेल्या वहीतली गाणी डफाच्या साथीनं म्हणायचा हा आपला खान्देशी प्रकार), हिशेबाची बुकं, निमंत्रणपत्रिका आणि फोटो आहेत. शहरातला एक दुकानदार सगळं एमपी थ्री करून पेन ड्राइव्हवर द्यायला तयार आहे आणि वर म्हणतो, कॅसेटी परत कशाला नेता, इथेच राहू द्या. द्यावं का, हे तुम्ही विचारताय.

देऊ नका. दुकानदाराच्या मनात काही वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. घरच्या लग्नाच्या कॅसेटीसाठी त्याची पद्धत चालून जाते. पण मंडळाच्या कपाटातल्या बहुतेक कॅसेटींची जगात दुसरी प्रत नसते. एमपी थ्री करताना आवाजातला बराच भाग कायमचा काढून टाकला जातो आणि तंबोऱ्याचा झणत्कार, डग्ग्याची आस अशा बारीक गोष्टींवर त्याची कुऱ्हाड आधी पडते. शिवाय कुठल्या कॅसेटची कुठली बाजू, डबीवर पेन्सिलीनं काय लिहिलं होतं, आतली चिठ्ठी कुठल्या कार्यक्रमाची, हा सगळा संबंध दुकानाच्या टेबलावर विस्कटतो. आणि मूळ कॅसेट हातची गेली की पुढे चांगल्या यंत्रावर पुन्हा उतरवायची वाटच बंद होते.

मी खान्देशात हे काम बरीच वर्षं करतोय. भजनी मंडळं, गायन क्लास, वही गायनाची मंडळं, घरगुती बैठका भरवणारे हौशी गट, सगळ्यांची कपाटं साधारण सारखीच असतात. माझा क्रम ठरलेला आहे: आधी माणसं, मग यादी, आणि यंत्र सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात. मशीन आणतात, भराभर कॅसेटी उतरवतात आणि शेवटी हातात 'ट्रॅक ०१' ते 'ट्रॅक ३००' अशा फायली उरतात. त्यांत कोण गातंय हे सांगणारे काका तोवर गेलेले असतात.

म्हणून पहिल्याच आठवड्यात मंडळातली हयात असलेली वडीलधारी माणसं गाठा. नीट ठेवलेली कॅसेट अजून काही वर्षं तग धरेल, पण पंच्याऐंशी वर्षांच्या पेटीवाल्या आबांची स्मरणशक्ती तुमच्यासाठी थांबणार नाही. त्यांच्याकडे जाताना फोटो, निमंत्रणपत्रिका आणि कॅसेटींच्या डब्यांचे मोबाइलवर काढलेले फोटो घेऊन जा. तुमची बोली अहिराणी असेल तर अहिराणीतच विचारा. प्रमाण मराठीत मुलाखतीसारखं विचारलं की माणसं आखडतात. 'हाई वही आमना आबानी लिखेल शे' (ही वही आमच्या आबांनी लिहिलेली आहे) अशा एका वाक्यात लेखक, घराणं आणि मालकी तिन्ही कळतात. बोलणं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. तेसुद्धा संग्रहाचाच भाग आहे.

विचारायचीही एक रीत आहे. 'हे कोण गातंय' याला बरेचदा 'आठवत नाही' असं उत्तर येतं. त्याऐवजी 'तबल्यावर कोण बसलंय' विचारा. साथीदार माणसं साथीदाराला आधी ओळखतात. तबला ओळखला की त्या काळात तो कुणाबरोबर वाजवत असे हे निघतं, आणि मग गायक सापडतो. दोन गाण्यांमधलं बोलणं, दाद देणारा आवाज, सूत्रसंचालकाची ढब ही फार मोलाची माहिती असते. म्हणून उतरवताना गाण्यापुरतं कापून घेऊ नका. कॅसेट सुरू झाल्यापासून संपेपर्यंत अखंड घ्या, खोकल्यासकट.

हिशेबाची बुकं रद्दीत द्यावीत असं तुमच्या घरात कुणी म्हणालं असेल तर आधी त्यांना थांबवा. एका मंडळातल्या रिळावर तारीख नव्हती, नाव नव्हतं. ऐकताना मागं पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि मध्येच कुणीतरी 'चंद्र काही दिसत नाही आज' म्हणालं. म्हणजे कोजागिरी, आणि तीही पावसातली. मग हिशेबाची बुकं काढली. एका वर्षाच्या आश्विनात दूध-साखरेच्या खर्चाखाली ओळ होती: ताडपत्री भाडं. तिच्या खाली भुसावळ स्टेशनवरून बुवांना आणायला टांगा, आणि त्याखाली बुवांची बिदागी, नावासकट. बाकीच्या वर्षांच्या कोजागिरीत ताडपत्री नाही. रिळाला तारीख मिळाली आणि गायकाला नाव मिळालं. हे काम कुठलंही सॉफ्टवेअर करत नाही. कागद आणि आवाज एकाच कपाटात राहिले होते म्हणूनच ते जमलं. तेव्हा कपाट रिकामं करण्याआधी प्रत्येक खणाचा फोटो काढा आणि कुठली वस्तू कुठल्या खणात, कशाशेजारी होती हे लिहा. शेजार हाच कधीकधी एकमेव पुरावा असतो.

यादीसाठी साधी एक्सेल पुरे. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या: मंडळाच्या नावाचं आद्याक्षर, प्रकार, अंक, बाजू. कॅसेटवर चिकटपट्टी लावून त्यावर पेननं लिहू नका. डबीत कागदाची चिठ्ठी ठेवा आणि पेन्सिल वापरा. रकाने असे ठेवा: डबीवर जसंच्या तसं काय लिहिलंय, गायक, साथीदार, गाव, प्रसंग, तारीख, राग किंवा चाल, ताल, पट्टी, भाषा, आणि ही माहिती कुणी सांगितली. शेवटचा रकाना लोक गाळतात. तो गाळू नका. 'आबा म्हणतात' आणि 'पत्रिकेत छापलंय' यांत फरक असतो, आणि वीस वर्षांनी कुणाला शंका आली तर त्याला कुठे पाहायचं ते कळायला हवं. अहिराणी गाण्यांची पहिली ओळ जशी उच्चारली तशी लिहा, 'शुद्ध' करू नका. सगळं टायपिंग युनिकोडमध्ये हवं. नव्वदच्या दशकात डीटीपीवर केलेल्या पत्रिका जुन्या फॉन्टांत असतात. त्यांच्या फायली आज उघडल्या की अक्षरांऐवजी चिन्हांचा गोंधळ दिसतो. छापील प्रत असेल तर तिचं स्कॅन घ्या आणि मजकूर पुन्हा टाइप करा.

आता काय आधी उतरवायचं. बाजारात विकल्या गेलेल्या कॅसेटी आणि तबकड्या बाजूला काढा. त्या संग्राहकांकडे सापडतात, तुमचा वेळ त्यांच्यासाठी नाही. तुमच्याकडच्या स्थानिक ध्वनिमुद्रणांना मात्र पर्याय नाही. बालगंधर्वांना लहानपणी जळगावात मेहबूब खाँ यांच्याकडे तालीम मिळाली, हे त्यांच्या चरित्रात वाचायला मिळतं. शिष्याच्या आवाजाच्या तबकड्या निघाल्या. पण गावोगाव शिकवणाऱ्या गुरूंचा आवाज सहसा कुठल्याच कंपनीनं घेतला नाही. तो असलाच तर अशा कपाटात असतो.

उरलेल्यांत पहिला नंबर सीडींचा. हे ऐकून लोकांना नवल वाटतं. पण वीसेक वर्षांपूर्वी बऱ्याच मंडळांनी कॅसेटी 'सीडीवर करून घेतल्या' आणि निश्चिंत झाली. घरी लिहिलेल्या सीडीतला रंगाचा थर उष्णतेनं आणि उजेडानं खराब होतो. उद्या ती वाचता येईलच असं नाही. कपाटात अशा सीडी असतील तर आजच त्यांची नक्कल हार्ड डिस्कवर घ्या. त्यानंतर १२० मिनिटांच्या कॅसेटी. त्यांची फीत जेमतेम ९ मायक्रॉन जाडीची असते, ६० मिनिटांच्या कॅसेटची त्याच्या दुप्पट. पातळ फीत ताणली जाते, गुंडाळली जाते, जुन्या मशीनमध्ये अडकते. मग रिळं, आणि शेवटी ६० आणि ९० मिनिटांच्या चांगल्या स्थितीतल्या कॅसेटी.

कॅसेट मशीनमध्ये घालण्याआधी चार गोष्टी पाहा. मागच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे कान शाबूत असतील तर ते मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्ड होणार नाही. समोरच्या खिडकीत फितीमागं तांब्याच्या पट्टीवर लहानशी गादी असते. बऱ्याच जुन्या कॅसेटींत ती निसटून पडलेली असते आणि मग आवाज दबका होतो, येत-जात राहतो. लोक म्हणतात कॅसेट गेली. गेलेली नसते. दुसऱ्या कॅसेटची गादी बसवा किंवा फीतच नव्या, स्क्रूच्या कवचात घाला. तिसरं, फितीच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसते का पाहा. ती बुरशी. अशी कॅसेट वाजवली की हेड, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा मशीनचा भाग, खराब होतं आणि बुरशी पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती वेगळ्या पिशवीत ठेवा, तोंडाला मास्क लावूनच हाताळा आणि जाणत्याकडून साफ करून घ्या. चौथं, फीत एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण फिरवून घ्या, म्हणजे वर्षानुवर्षं बसलेला ताण सारखा होतो.

मशीन म्हणून यूएसबीची वायर असलेले स्वस्त वॉकमनसारखे खेळणे घेऊ नका. त्यांचा वेग डगमगतो. चांगल्या कंपनीचा जुना कॅसेट डेक शोधा, त्याचे रबरी पट्टे बदलून घ्या, दाबरोलर (फीत पुढे ओढणारं रबरी चाक) आणि हेड साफ करा. हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, रबराला साध्या ओल्या फडक्यानं पुसलेलं बरं. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर घालू नका, वेगळा ऑडिओ इंटरफेस (आवाज संगणकात घेणारं बाहेरचं उपकरण) घ्या. ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना आयासा हिनं शिफारस केलेलं मोजमाप ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल असं आहे. त्याखाली गेलातच तर ४८ किलोहर्ट्झच्या खाली नको. मूळ मुद्रण मोनो असलं तरी दोन्ही ट्रॅक वेगळे घ्या, पुष्कळदा एक ट्रॅक दुसऱ्यापेक्षा स्वच्छ निघतो.

यात एक गोष्ट आवाजात जमीन-अस्मानाचा फरक पाडते आणि ती फार थोडे लोक करतात: हेडचा तिरपेपणा जुळवणं. ज्या टेपरेकॉर्डरवर मुद्रण झालं त्याचं हेड किंचित तिरपं असेल तर तुमच्या डेकवर तीच कॅसेट मऊ, बोजड वाजते. हेडच्या बाजूला लहान स्क्रू असतो. झांजा किंवा टाळ वाजतात तो भाग लावा आणि टाळांचा नाद सगळ्यात लख्ख येईपर्यंत स्क्रू हळूहळू फिरवा. प्रत्येक कॅसेटला नव्यानं. भजनी मंडळांच्या मुद्रणात टाळ सतत असतात, त्यामुळे आपलं काम उलट सोपं होतं. एकदा मूळ प्रत नीट उतरली की खरखर काढण्याचा मोह आवरा. ते सगळं नंतर, दुसऱ्या प्रतीवर करायचं.

वेगाकडे लक्ष द्या. आपल्याकडच्या कितीतरी बैठका लोडशेडिंगमुळे सेलवरच्या टेपरेकॉर्डरवर मुद्रित झाल्या. सेल उतरत गेले की मुद्रणाचा वेग मंदावतो, आणि तीच कॅसेट आज नेहमीच्या वेगानं वाजवली की गाणं हळूहळू चढत जातं, काळी एकमधला गायक शेवटी पांढरी दोनमध्ये गातोय असं वाटतं. सहा टक्क्यांच्या आसपास वेग बदलला की एक अख्खा स्वर-टप्पा, म्हणजे पेटीची एक पट्टी सरकते. गायकाची नेहमीची पट्टी कोणती हे आबांना विचारून ठेवायचं ते यासाठीच. विजेवरच्या मुद्रणात मागं जी गुणगुण येते ती ५० हर्ट्झची असते आणि तिच्यावरूनही वेग ताडता येतो. मात्र तिच्यावर एकटीवर भिस्त ठेवू नका, कारण पूर्वी वीजजाळ्याची वारंवारिता ४९च्याही खाली जायची. पेटीशी पडताळा. दुरुस्ती केलीत तर ती दुसऱ्या प्रतीवर करा आणि किती केली ते लिहा.

किती वेळ आणि किती जागा लागेल? तीनशे कॅसेटी ९० मिनिटांच्या धरल्या तर ४५० तास. कॅसेट तिच्याच गतीनं वाजते, घाई करता येत नाही. रोज तीन तास बसलात तर पाच महिने. वरच्या मोजमापानं स्टिरिओचा एक तास साधारण २ जीबी घेतो, म्हणजे सगळं मिळून एक टेराबाइटच्या आत-बाहेर. दोन टेराबाइटची डिस्क घ्या.

रिळांना तुम्ही हात लावू नका. फक्त एवढं पाहा: रीळ उजेडासमोर धरा. फितीच्या गुंडाळीतून उजेड पाझरला तर ती बहुधा अ‍ॅसिटेटची, अपारदर्शक दिसली तर पॉलिएस्टरची. डबी उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर अ‍ॅसिटेट कुजायला लागलं आहे. ते रीळ बाकीच्यांपासून लांब, हवेशीर ठेवा आणि रिळांपैकी सगळ्यात आधी उतरवायला काढा. काही पॉलिएस्टर फिती दमटपणानं चिकट होतात, मशीनवर किंचाळतात. त्यांना मंद उष्णतेत ठरावीक तापमानाला शेकून मग वाजवतात, पण ते अनुभवी माणसाचं काम आहे आणि अ‍ॅसिटेटच्या फितीला तो उपाय केला तर ती संपलीच. शिवाय रिळाचा वेग सेकंदाला ९.५ सेंटिमीटर आहे की १९, एक बाजू आहे की दोन, हे आधी ठरवावं लागतं.

तबकड्यांबद्दल एकच: मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या अल्कोहोलनं पुसू नका, लाख त्यात विरघळते. आणि एलपीच्या सुईवर त्या वाजवू नका, त्यांची खाच रुंद असते, सुई वेगळी लागते.

कागदाकडे वळू. वही गायनाच्या वह्या हा तुमच्या कपाटातला माझ्या मते सगळ्यात अनमोल भाग. या वह्या हातानं लिहिलेल्या, पिढ्यांनी हाताळलेल्या, मधूनमधून नव्या कडव्यांची भर घातलेल्या असतात. त्यांना लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, पुन्हा बांधून घेऊ नका. वही पूर्ण सपाट उघडत नसेल तर दाबून स्कॅनरवर ठेवायची नाही. वरून, स्टँडवर कॅमेरा किंवा मोबाइल लावून, खिडकीच्या मऊ उजेडात फोटो घ्या, उघडेल तेवढीच उघडा. सुटे कागद स्कॅनरवर रंगीत, ४०० पीपीआयला (इंचाला ४०० ठिपके), टिफ फायलीत. ए-फोरचं एक पान सुमारे ४६ एमबी होईल. जड वाटलं तर ३०० पीपीआयला २६ एमबी. कोरी पानं, मलपृष्ठं, मागं लिहिलेला किराणा हिशेब, सगळं घ्या. कुठल्या शाईत कुठलं कडवं आहे हे रंगात दिसतं आणि त्यावरून कुणी कधी भर घातली याचा माग लागतो.

आणि वहीचं स्कॅन झालं म्हणजे वही जपली, असं समजू नका. आसोद्याच्या बहिणाबाईंच्या ओव्या त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या मावसभावानं टिपून ठेवल्या म्हणून १९५२ साली त्या पुस्तकरूपानं आपल्यापर्यंत आल्या. शब्द कागदावर उतरतात, चाल उतरत नाही. वहीतली गाणी म्हणणारा एक जरी माणूस हयात असेल तर वही त्याच्यासमोर उघडी ठेवून, पानाचा क्रमांक बोलून, गाणं म्हणवून घ्या. डफ आणि साथ असेल तर उत्तम, नसेल तर नुसतं गुणगुणलेलंही चालेल.

स्वरलिपीच्या चोपड्यांत एक मोठी मेख आहे. गांधर्व महाविद्यालयाच्या परंपरेतले जुने शिक्षक पलुसकर पद्धतीनं लिहीत, पुढचे बरेच भातखंडे पद्धतीनं. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक. पलुसकर पद्धतीत तेच टिंब म्हणजे मंद्र, आणि तारसाठी वर उभी रेघ. कोमल स्वराला एकीकडे खाली आडवी रेघ, दुसरीकडे हलन्ताची खूण. एकाच चोपडीत दोन हातांनी दोन पद्धतींत लिहिलेलंही सापडतं. न ओळखता टाइप केलंत तर बंदिशीतली मंद्र आणि तार सप्तकं उलटीपालटी होतील. म्हणून मूळ पानाचं स्कॅन हाच दस्तऐवज माना, आणि यादीत 'पद्धत' असा रकाना ठेवा. जुन्या बुकांत मोडी दिसली तर गावातल्या कुणाला विचारून अंदाजानं वाचू नका. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ १९२७पासून जुन्या कागदपत्रांचं काम करत आलंय, तिथे चौकशी करा.

आता ठेवायचं कसं. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो आणि जुलैत हवा ओली होते. फितीला आणि कागदाला हा चढउतारच मारतो. पत्र्याची खोली, माळा आणि पश्चिमेची भिंत वर्ज्य. घरातली तळमजल्यावरची मधली खोली, जिच्या चारही भिंती आतल्या आहेत, ती निवडा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे आणि जमिनीपासून विटांवर उचलून ठेवा, वाळवी आणि ओल दोन्हींसाठी. कॅसेटी पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, पूर्ण गुंडाळून. मोठे स्पीकर जवळ नकोत, चुंबक असतं. डांबरगोळ्या कपाटात टाकायची आपल्याकडे सवय आहे, त्यांची वाफ प्लास्टिकला आणि फोटोंना बाधते, त्यांच्याऐवजी सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात बदला. कसर लागलेली बुकं वेगळी करा. आणि उन्हाळ्यात कॅसेटींची पिशवी बंद गाडीत ठेवून बाजाराला जाऊ नका.

फायलींच्या तीन प्रती: दोन वेगवेगळ्या डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावी, नात्यातल्या किंवा विश्वासातल्या माणसाकडे. घराला आग लागली, तापीचं पाणी आलं, चोरी झाली, तर तिन्ही एकदम जाऊ नयेत. पेन ड्राइव्ह नेण्या-आणण्यासाठी ठीक, साठवणुकीसाठी नाही. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइलच्या आतल्या मजकुरावरून संगणकानं काढलेला पडताळ्याचा आकडा) काढून यादीत ठेवा आणि वर्षातून एकदा पडताळा. फाइल आतून बिघडली की नावावरून कळत नाही, चेकसमवरून कळतं. डिस्क बंद पडण्याची वाट न पाहता पाचेक वर्षांनी बदला. ही जबाबदारी दोघांवर ठेवा, एकावर नको.

बाहेर कुणाला प्रत द्यायची असेल तर जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जवळचं. देशपातळीवर अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजनं १९८२ साली सुरू केलेला लोकसंगीत आणि शास्त्रीय संगीताचा अभिलेख गुरुग्रामला आहे. कुठेही देताना लेखी अटी घाला: मालकी कुणाची, कुणाला ऐकू द्यायचं, नाव कसं छापायचं. मूळ वस्तू मात्र शक्यतो जिल्ह्याबाहेर जाऊ देऊ नका.

हक्कांचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण यूट्यूबवर टाकायची घाई तुमच्या पत्रात मला दिसली, म्हणून सांगतो. कॉपीराइट कायद्यानुसार कवीचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. गायक-वादकाचा सादरीकरणावरचा हक्क ५० वर्षं. मंडळानं टेप विकत आणली म्हणून त्यावरचं गाणं मंडळाचं होत नाही. जतन करण्यासाठी मात्र वाट आहे: अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाकडे मूळ प्रत असेल तर तिची डिजिटल प्रत जतनासाठी ठेवायला कलम ५२ मुभा देतं. आपल्याकडे तालुक्या-तालुक्याला जुनी सार्वजनिक वाचनालयं आहेत. मंडळाचा संग्रह रीतसर तुमच्या गावच्या वाचनालयाला जोडून घेता आला तर कायद्याचा आधारही मिळेल आणि कपाटाला कायमची जागाही. हयात कलावंतांची आणि गेलेल्यांच्या घरच्यांची सही घेऊन ठेवा, एका पानाचं मराठी पत्र पुरे.

सगळं सगळ्यांना ऐकवायचं नसतं. कानबाईच्या रात्री घरात बायका जी गाणी म्हणतात ती त्या देवीसमोर आणि आपापसांत म्हणतात. आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) आणि गुलाबाईची गाणी त्या मानानं मोकळी, तरी त्यांत सासर-माहेरच्या खऱ्या नावांसकट चिमटे असतात. साक्रीकडच्या डोंगऱ्या देवाच्या उत्सवातली पावरी (फुंकून वाजवायचं वाद्य) आणि मंत्र तर पूजेचा भाग आहेत. अशी मुद्रणं उतरवा, जपा, पण उघडी करायची की नाही हे त्या गाणाऱ्यांना ठरवू द्या. बायकांची गाणी असतील तर परवानगी त्या बायकांची घ्या, त्यांच्या घरच्या कर्त्या पुरुषाची नको. यादीत 'खुलं', 'विचारून', 'बंद' असा एक रकाना ठेवलात की पुढच्या माणसाला अडचण येणार नाही.

तेव्हा आत्ता करायचं ते एवढं: दुकानदाराला नाही सांगा, खणांचे फोटो काढा, कपाटं मधल्या खोलीत हलवा, सीडी असतील तर त्यांची नक्कल घ्या, आणि येत्या रविवारी वह्या घेऊन पेटीवाल्या आबांकडे जा. रिळांच्या डब्यांचे दोन्ही बाजूंनी आणि उजेडासमोर धरून काढलेले फोटो मला पाठवा. फीत कसली आहे आणि कुठलं रीळ आधी घ्यायचं ते मी त्यावरून सांगतो. तोवर एकही रीळ मशीनवर चढवू नका.